माझ्या टाकीतले मामा

मी एक जुनी डिझेल व्हॅन आहे आणि मला एका जागी उभं राहवत नाही. म्हणून मित्रांनो, जरा भरभर सांगते. इंजिन बंद असलं तरी माझ्या आत काहीतरी चुळबुळत असतं. ही खोड मला वयाच्या तिसऱ्या वर्षी लागली.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात एकाच दिवशी आम्ही दोनशेजणी जन्मलो, त्यामुळे वाढदिवसाला कुणाला बोलवायचं हा प्रश्नच असतो. मला एका लाँड्रीवाल्या काकांनी घेतलं. रुग्णालयातल्या मळक्या चादरी आणायच्या आणि धुतलेल्या चादरी सकाळी सातच्या आत पोचवायच्या, हे माझं काम. काका चालवत, काकू गाठोडी मोजत. माझ्यासोबत तीन वर्षांच्या वॉरंटीचं पुस्तक आलं होतं. काकूंनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला रबर लावलं आणि कप्प्यात ठेवलं. इतकं जपलं की ते कुणी उघडलंच नाही.

मग मामा आले. मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे. मी घरचीच, म्हणून माझेही मामा. खानावळींतलं वापरलेलं तेल आणून ते मागच्या अंगणात त्याचं बायोडिझेल करू लागले.

"मास्तर, ती व्हॅन आहे, कढई नाही," काका म्हणाले.

"दाजी, शंभर लिटरमध्ये माझं फक्त वीस लिटर, बाकी साधं डिझेल. धूर कमी होईल, बघा तुम्ही."

धूर कमी झाला, हे खरं. पण वास! सिग्नलला माझ्यामागे उभ्या राहिलेल्या लोकांना अवेळी भूक लागू लागली. एक कुत्रा तीन गल्ल्या माझ्यामागे आला आणि शेवटी अपमान झाल्यासारखा परत गेला. तेलातून उरलेल्या ग्लिसरीनचे मामा साबण करत. विटेएवढे ते साबण खोक्यात भरून माझ्यातच ठेवलेले असत. तेलावर मी धावायचे आणि साबणाने चादरी धुतल्या जायच्या. मामा स्वतःवर इतके खूश होते की बघवत नसे.

एकदा पंपावरचा माणूस नाक वर करून म्हणाला, "दुसरं तेल घालता का? मग वॉरंटी गेली समजा." काकूंनी लगेच पिशवीला दुसरं रबर लावलं.

त्याच आठवड्यात माझं बाजूचं सरकतं दार अडकलं. खाली काहीतरी टोचत होतं. प्रत्येक वळणावर मी करकरून सांगत होते, पण मला खाली वाकून बघता येत नाही आणि माझी भाषा कुणाला येत नाही.

"वॉरंटी आहे ना, दुरुस्त करून घेऊ," काका म्हणाले.

"अहो, पण टाकीत दादा आहे त्याचं काय?" काकू कुजबुजल्या.

दोघंही माझ्या टाकीच्या झाकणाकडे बघत राहिले. दाराचं राहूनच गेलं.

मागच्या दाराला आतून इस्त्रीच्या कपड्यांचं कपाट ठोकलेलं होतं. मग पुढचे चार महिने सगळी गाठोडी ड्रायव्हरच्या खिडकीतून बाहेर निघाली. काका आतून ढकलत, काकू बाहेरून ओढत. रुग्णालयाचा पहारेकरी रोज विचारी, "काका, आज कितवं? मुलगा की मुलगी?" मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

चादरी उशिरा पोचू लागल्या. एका सकाळी मोठ्या सिस्टर स्वतः खाली आल्या. "पेशंट उघड्या गादीवर बसलेत, काका. सोमवारी सातला चादरी आल्या नाहीत तर मी दुसरी लाँड्री बघते."

त्या दिवशी काका मला हात न लावता म्हणाले, "विकून टाकू हिला." माझ्या चारही चाकांतली हवा गेल्यासारखं झालं.

मामांनी बेत आखला. टाकी रिकामी करायची, साधं डिझेल भरायचं, अत्तर फवारायचं आणि काही विचारलं तर गप्प बसायचं. शनिवारी आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. अत्तर आणि तळण यांचा मिळून असा वास येत होता, जणू कुणी लग्नाला निघताना कढईत पडलं आहे.

तिथल्या मेकॅनिक ताईंनी विचारलं, "काय त्रास आहे?"

"आम्ही तेल घातलं!" काकू एका दमात म्हणाल्या. "शंभराला वीस! दादाने केलेलं! अत्तरही त्याचंच!"

मामांनी छताकडे पाहिलं.

ताई म्हणाल्या, "दाराला डिझेल लागत नाही, काकू." मग त्यांनी दोन्ही रबरं काढून पुस्तक उघडलं. "हे बघा. तुमच्या गाडीत शंभराला सातपर्यंत चालतं, तेही प्रमाणित. त्यापुढे तेलामुळे इंजिनाचा पंप बिघडला तर कंपनी भरपाई देणार नाही, तिथे मीही काही करू शकणार नाही. पण दार, दिवे, भोंगा यांची वॉरंटी तशीच राहते. हे घरचं तेल कुणी तपासलंय?"

"मी," मामा म्हणाले.

"आणि तुम्हाला कोण तपासतं?"

मामांनी अत्तराची बाटली हळूच खिशात टाकली.

ताई टॉर्च घेऊन वाकल्या, दार ज्यावरून सरकतं त्या रुळात स्क्रूड्रायव्हर घातला आणि काहीतरी पिवळं उपसून काढलं. साबण होता! खोक्यातून निसटून रुळात बसलेला, मामांच्या हातचा. दार खर्रकन सरकलं.

"हे वॉरंटीत बसत नाही," ताई म्हणाल्या. "हे आंघोळीत बसतं."

सोमवारी पावणेसातला आम्ही रुग्णालयात होतो. "आज नुसतं दारातून?" पहारेकरी हिरमुसला. सिस्टरनी मान डोलावली, तेवढंच. मला पुरे झालं.

मामांनी पुढे आपल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिला. दोनदा नापास झाले. मास्तरांना ते फार लागलं. तिसऱ्यांदा पास झाल्यावरच माझ्या टाकीत सात लिटर मामा परत आले. वॉरंटी कधीच संपली, तरी काकू सातावर आठवा लिटर घालू देत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र करकरत असेल, तर त्याच्या पुस्तकाला रबर लावून बसू नका. पुस्तक वाचा, खरं काय ते सांगून विचारा आणि त्याआधी एकदा खाली वाकून बघा. आम्हाला वाकता येत नाही हो.

तो साबण काकूंनी टाकला नाही. त्यावर माझ्या रुळाची रेघ आहे. दर रविवारी काका त्यानेच मला घासतात, अजून फेस येतो. दाराखाली हात गेला की मात्र मला जुनं टोचणं आठवतं आणि मी उगाच करकरते. काका लगेच खाली वाकून बघतात.