सर्व्हर पास

शेवटचा साधा दिवस रविवार होता आणि बाबा सोफ्यावर डोळ्यांना दुपट्टा बांधून बसले होते.

कळमेश्वरच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासल्यामुळे आनंदराव, म्हणजे माझे बाबा, घरातही काही तपासल्याशिवाय पास करत नसत. टरबूजसुद्धा नाही. भीमगीतांच्या आणि कव्वाली मुकाबल्यांच्या चारशे कॅसेटी त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. मी त्यांच्यासाठी म्युझिक सर्व्हर आणला. गाणी साठवायची आणि वाजवायची, एवढंच करणारा काळा डबा.

"याले ना पडदा, ना बटन. काय कामाचा?" बाबा म्हणाले. "माह्या कॉम्प्युटरवर गाणं ऐकता ऐकता लाइटबिल भरता येते."

"आणि ऐन कोरसमध्ये तो व्हायरसची सूचना देतो."

"देते तं देऊ दे. सावध राहावं माणसानं."

शेवटी चाचणी ठरली. एकच गाणं दोनदा, आधी कॉम्प्युटरवरून, मग सर्व्हरवरून. मधे ॲम्प्लिफायरची वायर मी बदलायची. पहिली खेप झाली. वायर काढायला गेले, तर ती कपाटामागे अडकलेली. मला बाहेर जायची घाई होती. मी जरा खुडबूड केल्याचा आवाज केला आणि कॉम्प्युटरवरच तेच गाणं पुन्हा लावलं.

बाबा पुढे झुकले. "हे पाय! तबला आता समोर येऊन बसला. मघा शेजारच्या घरी होता."

"मले तं सारखंच वाटून राहिलं," आई आतून म्हणाली.

"तुह्या कानात कुकर आहे, कौसल्या."

दुपट्टा सोडून त्यांनी चिठ्ठीवर 'पास' लिहिलं, खाली सही केली आणि ती सर्व्हरवर चिकटवली. "तू बरोबर होती वं, दीक्षा." आमच्या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हणत नसे. खरं उद्या सांगू, असं मी ठरवलं. आठवडाभर चिडवता आलं असतं.

सोमवारी सकाळी चहा पिताना त्यांचं हृदय थांबलं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चार दिवस झाले आणि बाबांचे कारखान्यातले मित्र धम्मानंदकाका खोकं घेऊन आले.

"तुह्या बाबानं त्या रविवारी फोनवर तासभर डोकं खाल्लं. तबला समोर येऊन बसते म्हणे. मी बी आणला मंग हा डब्बा. कॉम्प्युटर उद्या जरीपटक्याले राह्यते त्या भाच्याले देऊन टाकतो." मग हळू आवाजात, "जोडून देतो म्हणला होता थो. तू देशील काय? पण आधी तुमचा ऐकव."

सांगितलं तर बाबांनी पास केलेला शेवटचा माल नापास. नाही सांगितलं तर काकांचा चांगला कॉम्प्युटर जरीपटक्याला.

वायर अजून कॉम्प्युटरलाच होती. मी गाणं लावलं.

काकांनी डोळे मिटले. "वा! हे पाय, तबला!"

आई चहा घेऊन आली आणि सर्व्हरसमोर वाकली. "काहून वं, याचा दिवा तं लागलाच नाही?"

काकांनी एक डोळा उघडला.

मी सर्व्हरवरची चिठ्ठी नखानं हळूच सोडवली, कॉम्प्युटरवर लावली आणि फोटोकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "बाबा, वायर मी बदललीच नव्हती. दोन्ही वेळा तुमचाच कॉम्प्युटर वाजत होता. बरोबर तुम्ही होता, बाबा."