अक्षरातली पट्टी

चाळ पाडायच्या आधी निरोपाचा कार्यक्रम ठरला आणि कमिटीचा वरद मला म्हणाला, "काका, बॅनर बाहेर देतो. फ्लेक्सला फाइल लागते, ब्रश चालत नाय."

माझं डोकं फिरलं. नायगावातल्या आमच्या या चाळीचा प्रत्येक बोर्ड चाळीस वर्षं मी रंगवला, आणि शेवटचा कुणी उपऱ्याने करायचा? सांगितलं त्याला, "शनिवारी चार वाजता फाइल देतो. आनंदा पेंटरचा शब्द आहे."

शब्द देऊन बसलो खरा, पण मला कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नव्हता. सून अनुजा प्रिंटिंगच्या दुकानात डिझाइन करते. तिला म्हटलं, "शिकव. पण हात लावायचा नाही, मीच करणार."

चाळीच्या पंचाहत्तरीला सगळी बिऱ्हाडं जिन्यावर दाटीवाटीने उभी करून काढलेला फोटो होता. 'आमची चाळ' ही अक्षरं मोठी काढायची आणि त्यांच्या आतून तो फोटो दिसायचा, अशी माझी कल्पना.

"मग व्हेक्टर मास्क लावा," अनुजा म्हणाली. "तुमची स्टेन्सिलच समजा, बाबा. आकार काढाल तेवढाच फोटो दिसेल, बाकीचा झाकला जाईल. पुसला काहीच जात नाही. आणि बॅनर कितीही मोठा केला तरी अक्षराची कड फाटत नाही."

स्टेन्सिल म्हटल्यावर मला धीर आला. पेन टूलने एकेक बिंदू टाकत अक्षरं काढायला बसलो. पहिल्या दिवशी 'म' असा झाला की बालवाडीतल्या पोरानेही नावं ठेवली असती. सगळं खोडून पुन्हा बसलो. चौथ्या दिवशी अक्षरं माझी दिसायला लागली.

"बाबा, ही मध्येमध्ये तुटलेली का?" अनुजाने विचारलं.

"पट्ट्या आहेत त्या. पुठ्ठ्यात 'च' कापताना बारीक पट्टी ठेवली नाही, तर त्याचं पोट गळून पडतं."

"इथे कुठे पडणार?"

मी ओशाळलो. हाताच्या सवयीने प्रत्येक अक्षरावर पट्ट्या टाकत गेलो होतो. पण चूक कबूल करायचा माझा स्वभाव नाही. "राहू दे. माझ्या हातची खूण आहे," म्हणालो.

शनिवारी दोनला वरद घरी आला. "काका, अक्षरं तुटकी दिसतायत. पट्ट्या उडवा, नायतर मी दुसऱ्याला सांगतो."

"एकही उडणार नाही. चार वाजायचेत अजून," मी म्हणालो.

अनुजाने मास्क क्षणभर बंद केला आणि अख्खा फोटो समोर आला.

"बाबा, यात आई कुठे आहेत?"

शेवंतीला जाऊन सहा वर्षं झाली. फोटोत ती तिसऱ्या पायरीवर होती, पोपटी साडीत, हसत. अनुजाने मास्क पुन्हा लावला. 'ळ'वरची पट्टी बरोबर तिच्या तोंडावर बसली होती.

मला स्वतःची लाज वाटली. चार दिवस अक्षराची कड बघत होतो, आत कोण आहे ते बघितलंच नाही. हातची खूण जपली आणि बायकोलाच झाकून ठेवलं.

"मी काढते," अनुजाने माऊसकडे हात नेला.

"सोड. माझी पट्टी, मीच काढणार."

पट्टी निवडली आणि डिलीट दाबलं. शेवंती पुन्हा होती तशी दिसली.

वरदने घसा खाकरला. "काका, आता बाकीच्या..."

"त्या राहतील. आधी सांगितलंय."

वरद खुर्ची ओढून स्क्रीनवर वाकला, माणसं शोधत राहिला. "काका, आमची सुंदराबाई आजी कुठल्या अक्षरात आहे?"

दोघांनी मिळून शोधली. ती 'च'मध्ये होती आणि पट्टीने तिचं अर्धं कपाळ झाकलं होतं.

घड्याळात साडेतीन झाले होते.

"अनुजा, मास्क बंद कर," मी म्हणालो. "आणि वरद, तू एकेकाचं नाव सांग. पट्ट्यांखाली कोण कोण झाकलंय ते बघू."