लाल लोकरीखाली

बटाटा मातीत होतो, हे आमच्या डोंगरातल्या वाय्याकोचा गावात कुणाला सांगावं लागलं, तर समजावं की गावाची अक्कल चरायला गेली आहे. त्या रविवारी ती आमच्या लोकरीच्या जनावरांबरोबर, अल्पाकांबरोबर, पार डोंगरापलीकडे गेली होती. चर्चच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध बटाट्याचं एकच रोप. बुंध्याला महिन्यापूर्वी मंत्र म्हणून बांधलेली लाल लोकर, आणि लोकरीच्या वर, पानांच्या बेचक्यांत, हिरवेगार बटाटे लटकलेले!

"धरणीमाय मला म्हणाली," ती बांधणारा मांत्रिक मेलितोनबाबा हात पसरून सांगत होता, "मेलितोन, लेकरांनी किती वाकायचं? तू लोकर बांध, मी बटाटे वर पाठवते!"

"पण हिरवे का हो?" मी विचारलं.

"पावित्र्याचा रंग!"

गावानं टोप्या काढल्या. मला फार शहाणा समजू नका. माझ्या शेतातली तीन रोपं मी आधीच बांधून घेतली होती. आम्ही जनावरांच्या कानातसुद्धा सणाला लाल लोकर ओवतो, मग तिच्या आत कोण डोकावणार?

सगळ्यात पुढे उभी होती फोर्तुनाता. दोन्ही पोरं दूर लिमा शहरात, नवरा मातीआड, आणि कंबर कामातून गेलेली. तिच्या शेतात 'सून-रडवी' लावलेला. इतका खाचाखोचांचा बटाटा, की नव्या सुनेला तो सासूसमोर सोलून दाखवावा लागतो. आता गावात त्याचं बी फक्त तिच्याकडे उरलेलं. त्याच दुपारी मेलितोन तिचं सगळं शेत बांधणार होता. दक्षिणा म्हणून तिची पांढरी अल्पाका दोर लावून तयार होती.

"काकू, आधी हे रोप उपटून बघा," शाळेच्या योवानाबाई म्हणाल्या.

"उपटाल तर शाप लागेल!" मेलितोन ओरडला.

"अहो बाबा, वर एवढे लागलेत, तर खाली किती असतील!" फोर्तुनाता हरखून म्हणाली. कंबरेवर हात दाबत ती वाकली आणि रोप ओढलं.

खाली पांढरे दोरे तेवढे लोंबत होते. बटाटा एकही नाही.

"अगं बाई! हे तर रिकामं!"

योवानाबाईंनी कात्रीनं लोकर कापली. आत तार, सालीत रुतलेली.

"पानाला आधी कळतं," त्या म्हणाल्या. "दिवस आखडले की पान एक प्रथिन तयार करतं, डोळ्यांना न दिसणारं. तोच बटाट्याला निरोप. तो सालीतून साखरेसोबत खाली उतरतो. मातीतल्या या दोऱ्यांच्या टोकाला पोचला, की टोक लांबायचं थांबतं, फुगतं आणि साखरेचं पीठ करून साठवतं. झाला बटाटा! बाबांनी तारेनं वाटच आवळली. निरोप अडला, साखर अडली, मग वरचेच कोंब फुगले. आणि हिरवे झाले ते उन्हानं. कडू असतात, विषारीसुद्धा. पावित्र्य चाखू नका."

"मंत्राशिवाय हे होऊच शकत नाही!"

"तुम्ही बांधलंत तेव्हा गाठीत काहीतरी चकाकलं. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी शाळेमागच्या दोन रोपांना नुसती तार बांधली. पोरांनी त्यांच्यापुढे पाढे म्हटले. त्यांनाही लागलेत. चला, दाखवते."

लोक हसले. मेलितोन मात्र पांढऱ्या अल्पाकाचा दोर धरून काढता पाय घेत होता. फोर्तुनातानं दोर त्याच्या हातून हिसकावला.

"म्हणजे माझ्या सून-रडवीचं बी...?"

"सगळं शेत बांधलं असतं, तर यंदा संपलं असतं, काकू."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मेलितोनकडे फिरून ती म्हणाली, "मेल्या, कंबर मोडलीये माझी, डोकं नाही! मला खणायला माणसं हवी होती, आणि तू चमत्कार घेऊन आलास!"

आमच्या माना खाली गेल्या. एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं राबायची आमची जुनी रीत. तिची पाळी आम्ही दोन वर्षं विसरलो होतो, म्हणून तर मेलितोनचं फावलं.

घरी येऊन मी माझी तीन रोपं उपटली. हाती भोपळा! बरं झालं, तीनच होती.

काढणीला आम्ही तिच्या शेतात सतरा जण होतो. सून-रडवी पोती भरभरून निघाला, मातीतून. म्हणून सांगतो, बाबांनो, कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी लोकर सोडून बघा. आणि शेजारीण वाकू शकत नसेल, तर आपण वाका.