अडखळणारी बस

"मशीनला काही झालेलं नाही हो. उगाच तुम्हाला दोन जिने चढायला लावले," ड्रायव्हरकाका तिसऱ्यांदा म्हणाले आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंसमोरचा लॅपटॉप हळूच आपल्याकडे ओढू लागले.

"राहू द्या, काका. काकूंनी बोलावलंय मला," बाई हसल्या. "गेम अडखळतो म्हणाल्या त्या."

एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. निवृत्तीला वर्ष होतं न होतं तोच झटका आला आणि डावा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई मोठ्या हुशार. दाबायला दिलेला चेंडू काका खिडकीत ठेवून मोकळे होतात, हे त्यांनी ओळखलं आणि बस चालवायचा गेम न् टेबलाला बसवायचं स्टिअरिंग आणायला लावलं. मग काय विचारता! काका रोज दोन-दोन तास घाट चढू-उतरू लागले आणि पाच महिन्यांत बोटं वळायला लागली.

पण गेल्या आठवड्यात बस अडखळू लागली. स्टिअरिंग डावीकडे फिरवावं, तर बस क्षणभर थांबून मग वळायची. तोवर कठडा गाठलेला. गाडीला बोल लावण्याआधी स्वतःचे हातपाय तपासावेत, ही त्यांची जन्माची शिस्त. हात पुन्हा लुळा पडत चाललाय, दुसरा झटका येऊ घातलाय, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. कोणाला बोलले नाहीत. "कंटाळा आला, ते स्टिअरिंग देऊन टाक कोणाला तरी," एवढंच बायकोला सांगितलं.

"खोट चालवणाऱ्यात आहे," आता ते बाईंना म्हणाले. "मशीनला कशाला नावं ठेवायची?"

काकू हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "हो का? परवा तुम्ही मध्येच उठून गेलात. तुमची बस जागेवर उभी होती, आणि रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या उचकी लागल्यासारख्या चालल्या होत्या. त्या सगळ्यांना काय एकदम झटका आला?"

काका गारच पडले. "झटक्याचं तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आठ दिवस डाव्या हाताने शर्टाची बटणं लावताय नि काढताय. डोळे आहेत मला."

बाईंनी मान वर केली नाही. "सापडलं," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "यात चित्रं काढणारी दोन कार्डं आहेत. एक साधं, किरकोळ कामाचं. दुसरं गेमसाठीचं, दणकट. अपडेट झाल्यापासून गेम साध्या कार्डावर चाललाय. ते बिचारं घामाघूम, आणि दणकट बसलंय हातावर हात ठेवून."

"म्हणजे ट्रक दारात उभा आणि पोती स्कूटरवर!"

"अगदी तसंच."

बाईंनी सेटिंग बदललं. काका बसले, पहिलं वळण घेतलं. बस तशीच अडखळली. त्यांनी डावा हात काढून मांडीवर ठेवला. "बघितलंत?"

बाईंनी जीभ चावली. "थांबा, थांबा, चूक माझी. गेम उघडून देणारा एक वेगळा छोटा प्रोग्रॅम असतो, मी त्यालाच दणकट कार्ड देऊन बसले. म्हणजे ताट वाढलं दारवानाला, मालक उपाशीच." या वेळी त्यांनी यादीतून नेमका गेम निवडला, तो बंद करून पुन्हा चालू केला.

काकांनी डावा हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि ते डावीकडे फिरवलं. बस वळली. हात फिरला त्याच क्षणी वळली. दुसरं वळण, तिसरं, मग अख्खा घाट. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत," ते म्हणाले.

"माझे कसले? हाक काकूंनी मारली," म्हणत बाई जिना उतरून गेल्या.

"अगं, ये ना इकडे," काकांनी हाक दिली.

"आता काय अडखळलं?"

"काही नाही. बस जरा."

काकू त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. स्टिअरिंगवरचा डावा हात काकांनी उचलला, उजव्याची मदत न घेता. तो जड, सावकाश आला आणि काकूंच्या हातावर टेकला. एकेक बोट वळलं. काकांनी होता नव्हता तो जोर लावला.

"लागतोय का?"

"हळू हो, दुखतंय," काकू म्हणाल्या, आणि हात तसाच राहू दिला.