पाळण्यातली रिकामी जागा

उदगीरच्या त्या गल्लीत कुणाकडं बारसं निघालं, की आधी पाळण्याला फुलं बांधायची आणि मग अमृतराव गुरुजींकडून पेनड्राइव्ह आणायचा, असं ठरूनच गेलं होतं. गुरुजींची बायको मल्लम्मा बिदरकडची. मराठी पाळण्यात मधूनच एखादी कानडी ओळ घालून ती असं गायची, की रडतं मूलही कान देऊन ऐकत राहायचं. ती गेली त्याला आता काही वर्षं झाली होती. एका बारशाच्या आदल्या दिवशी ती एकटीच म्हणून बघत असताना कुणीतरी तिचा आवाज फोनवर टिपला होता, तेवढाच मागं राहिला. शेवटच्या कडव्यात ती एके ठिकाणी थांबते. तिथं जमलेल्या बायकांनी बाळाचं नाव घ्यायचं, मग ती पुढं गाते. ती जागा तिनं मुद्दाम सोडलेली.

गुरुजींची अट एकच. पेनड्राइव्ह परत द्यायला स्वतः यायचं आणि बाळाचं नाव सांगायचं. मग गुरुजी चहा टाकत, नाव दोनदा मोठ्यानं म्हणून बघत, आणि ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसे. शाळेत शिकवत असताना हजेरीवहीची त्यांना कधी गरज पडली नव्हती, तसंच हे. मुलगा पुण्यात होता. त्याचा फोन येई, पण फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त गप्प होई. बारशाच्या निमित्तानं येणारी माणसं सोडली, तर त्या उंबऱ्यावर पाऊल पडत नव्हतं.

शरणम्मा नातीच्या बारशानंतर आली ती दारातच उभी राहिली. पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत होता, तो सोडून तिनं पुढं केला.

"गुरुजी, पाळणा वाजलाच न्हाई बघा. गाण्याच्या डब्याला लावला तर गाणंच न्हाई म्हणून राहिला. आम्ही बायकांनीच म्हटलं, पर अर्ध्यात अडकलो."

गुरुजी चहा विसरले. नाव विचारायचंही विसरले. जाताजाता तिनंच सांगितलं, अक्षरा ठेवलंय म्हणून.

स्टेशन रोडला शिल्पाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. ती गुरुजींच्या हाताखाली शिकलेली. गुरुजींचा चेहरा बघून तिनं समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवलं आणि पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर पाळण्याचं पिवळं फोल्डर दिसलं, पण त्याच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता.

"हे तुमचं फोल्डर न्हाई, सर. ही खोटी पाटी हाय," ती म्हणाली. "ह्यात किडा शिरलाय. वर्म म्हणतात त्याला."

मग तिनं नीट सांगितलं. हा किडा म्हणजे कुणीतरी लिहिलेला एक लबाड प्रोग्राम. तो खरं फोल्डर लपवतो आणि त्याच नावाची खोटी पाटी पुढं लावतो. माणूस फोल्डर समजून पाटीवर दाबतो, की किडा त्या कॉम्प्युटरात शिरतो. वर खरं फोल्डरही उघडून देतो, म्हणजे कुणाला शंका नको. पुढं त्या कॉम्प्युटरला जो पेनड्राइव्ह लागेल, त्याच्यात हा आपली नक्कल सोडतो. गाण्याच्या डब्याला पाटीबिटी कळत नाही, त्याला गाणं सापडलंच नाही, म्हणून तर चोरी उघडी पडली.

"मग मल्लम्माचं गाणं?" गुरुजींनी विचारलं.

"पुसलेलं न्हाई. झाकून ठेवलंय."

तिनं लपवलेल्या फाइली दाखवायला सांगणारी खूण लावली. खोट्या पाटीशेजारी एक फिकट फोल्डर उमटलं. त्यावर दाबताच दुकानात मल्लम्माचा आवाज आला. गुरुजी झेरॉक्सच्या मशीनला हात टेकून उभे राहिले.

शिल्पानं पेनड्राइव्ह साफ केला आणि सहज सुचवलं, की हे गाणं फोनवरच सगळ्यांना पाठवून टाकू, पेनड्राइव्ह हिंडवायची कटकट नको. गुरुजी घाईघाईनं नको म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्याच बारशातून पेनड्राइव्ह परत आला तो पुन्हा बाण घेऊन. या वेळी शिल्पाचाही आवाज चढला होता. तिच्या दुकानात मुलांचे प्रोजेक्ट, लग्नपत्रिका, सगळ्यांच्या पेनड्राइव्हमध्ये बाण दिसू लागले होते. तिनं आपला कॉम्प्युटर साफ केला, तो पुन्हा बिघडला, पुन्हा साफ केला. उज्वला नावाची मुलगी तिला तोंडावर म्हणाली, तुमच्या दुकानातून रोग मिळतो.

"कितीदा काढू, सर? येतो कुठून हा?"

गुरुजी स्टुलावर बसले. मग त्यांनी तिला शाळेच्या वसतिगृहातल्या खरजेची गोष्ट सांगितली. एकेका पोराला मलम लावून उपयोग होत नव्हता. आज बरा झालेला पोरगा रात्री शेजारच्याच्या पांघरुणात शिरे आणि पुन्हा खाजवत बसे. शेवटी गुरुजींनी एका रविवारी सगळ्या पोरांना एकदम मलम लावलं, सगळ्या चादरी एकदम उकळल्या, तेव्हा खरूज गेली.

"एकट्याला बरं करून भागत न्हाई," ते म्हणाले. "सगळे एकाच दिवशी."

पण पेनड्राइव्ह कुठंकुठं हिंडला, हे कुणाला ठाऊक? गुरुजींना ठाऊक होतं. शिवांशचं बारसं, तेव्हा सुदर्शनच्या फोटो स्टुडिओतल्या लॅपटॉपला लावला होता. बुद्धप्रियाच्या वेळी रामलिंग मंडपवाल्याच्या. एकेका बाळाच्या नावासरशी एकेक घर त्यांना आठवत गेलं. ते छत्री घेऊन उन्हात निघाले. प्रत्येक दारात खरजेची गोष्ट सांगितली आणि मग तेच म्हणाले: माझ्याच पेनड्राइव्हनं हे तुमच्या घरी आणलं, रविवारी लॅपटॉप, पेनड्राइव्ह, सगळं शिल्पाकडं घेऊन या, तोवर कशालाच काही लावू नका. सुदर्शन कुरकुरला. लग्नसराईत एक दिवस दुकान बंद ठेवा म्हणणं सोपं असतं, म्हणाला. गुरुजी त्याच्या बाकावर बसून राहिले. त्यानं चहा मागवला नाही, तरी उठले नाहीत. अखेर तो येतो म्हणाला.

रविवारी शिल्पाचं दुकान भरलं. तिनं आधी प्रत्येक कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडला. मग आत चालू असलेला किडा बंद केला, कारण जिवंत असताना त्याला पुसावं, तर तो लगेच पुन्हा उगवतो. मग त्याची लपायची जागा साफ केली. कॉम्प्युटर सुरू होताच त्याला उठवणारी सूचना काढली, आणि अँटीव्हायरस आत सगळीकडून फिरवला. हे झाल्यावरच पेनड्राइव्हांची पाळी आली. खोट्या पाट्या पुसायच्या, लपवलेलं वर आणायचं. गुरुजी एकेक पेनड्राइव्ह हातात देत होते आणि साफ झालेला वेगळ्या ताटात ठेवत होते. मधेच सुदर्शन रामलिंगला म्हणाला, "बघ, खरजेचं मलम लावायला बसलाय म्हातारा." गुरुजीही हसले. इतकी माणसं आपल्याभोवती शेवटची कधी बसली होती, ते त्यांना आठवेना.

संध्याकाळी सगळे पांगले. ताटात शेवटचा पेनड्राइव्ह उरला, तो मल्लम्माचा.

शिल्पा हळू आवाजात म्हणाली, "हा हिंडत राहिला, तर बाहेरून पुन्हा घेऊन येईल, सर. किती रविवार करणार आपण?"

गुरुजींनी पेनड्राइव्ह उचलला, परत ठेवला.

"पाळणा फोनवर गेला, की मग कुणाला माझ्याकडं यायची गरज न्हाई," ते म्हणाले.

शिल्पा खाली मान घालून वायर गुंडाळत राहिली.

"शरणम्माच्या नातीचा पाळणा अडकला," गुरुजी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मल्लम्मानं जागा सोडली होती ती नावासाठी. माझ्यासाठी न्हाई." मग त्यांनी पेनड्राइव्ह तिच्याकडं सरकवला. "पाठव सगळ्यांना."

त्यानंतर गल्लीत किडा दिसला नाही. गुरुजींच्या दारातही कुणी दिसलं नाही. पेनड्राइव्ह देव्हाऱ्याखालच्या खणात पडून राहिला. सवयीनं गुरुजी चहाला दोन कप पाणी ठेवत आणि मग एक कप परत ओतून टाकत.

एके दुपारी ते असंच पाणी ओतत होते, तेव्हा मागच्या गल्लीतून भोंग्यावर मल्लम्मा गाऊ लागली. कुणाचं बारसं होतं, त्यांना माहीत नव्हतं. भांडं हातात धरून ते खिडकीशी आले. कानडी ओळ झाली. शेवटचं कडवं आलं. ती थांबली. बायकांनी नाव घेतलं, नेमकी तेव्हाच स्टेशनावर गाडीनं शिटी दिली, आणि नाव त्यात बुडालं. मल्लम्मा पुढं गाऊ लागली.

गुरुजींनी भांडं खाली ठेवलं, पायात चपला सरकवल्या. रिकाम्या हातानं बारशाला जायचं नसतं, म्हणून परत फिरून डब्यातली खडीसाखर रुमालात बांधली.

ते मागच्या गल्लीत पोचले, तोवर पाळणा संपला होता. कुठल्या घरातून आवाज आला होता, ते कळेना. मंडपही दिसत नव्हता. गुरुजी पहिल्याच दाराशी थांबले आणि कडी वाजवली.

"बारसं कुणाकडं हाय?" त्यांनी विचारलं. "नाव काय ठेवलं, तेवढं ऐकायचं राहिलं."