आजच्या दिवस गप्प

मी नियमांचा एक संच बोलतोय. एका दवाखान्याच्या तळघरात मोठा संगणक आहे, त्यात रोग्यांचे तपासणी-अहवाल असतात. कोणत्या प्रोग्रामने कोणती फाइल उघडायची, एवढंच माझ्यात लिहिलेलं आहे. मला पॉलिसी म्हणतात, पण विम्याशी माझा संबंध नाही.

मला ताईंनी घडवलं. संगणकाचं काम बघणाऱ्या त्या एकट्याच. प्रत्येक फाइलला, प्रत्येक प्रोग्रामला त्यांनी खुणेची चिठ्ठी लावली आणि ओळीमागून ओळ नियम लिहिले. चार महिने लागले. संगणक सुरू झाला की इतर कोणताही प्रोग्राम जागा व्हायच्या आधी मला त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चढवत. तिथे एकदा बसलो की मालकालाही सूट नाही.

एकदा ताईंनीच घाईत भलत्या प्रोग्राममधून अहवाल उघडायला घेतला. मी उघडू दिला नाही. शेजारी बसणारे, रोग्यांचं रक्त तपासणारे तपासनीस हसले.

"काय ताई, तुमच्याच लेकराने तुम्हाला दारात अडवलं की."

"अडवणारच, दादा. आज आईला सोडलं तर उद्या मावशीलाही सोडेल."

मला फार बरं वाटलं होतं.

पुढे ताई निवृत्त झाल्या. नवे साहेब आले, छपाईचा नवा प्रोग्राम आला. त्याला चिठ्ठी लावायची राहून गेली, म्हणून मी त्याला अहवालांपाशी फिरकू दिलं नाही. वर खिडकीपुढे अहवालांसाठी रांग लागली.

"साहेब, लोक डोकं खातायत माझं," तपासनीस म्हणाले.

"नियमांना आजच्या दिवस गप्प बसवतो. चिठ्ठीचं उद्या सावकाश बघू."

गप्प बसवणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. मी गाभ्यातच असतो. नियमाबाहेर काही घडलं की लिहून ठेवतो, अडवत मात्र नाही. त्या उद्याला तीन वर्षं झाली. साहेबांवर माझा राग नाही. त्यांच्यामागे दहा व्याप आहेत.

पण छपाईचा तो प्रोग्राम नुसता छापत नाही. प्रत्येक अहवालाची एक प्रत बाहेर कुठेतरी पाठवतो. दर वेळी मी एक ओळ लिहितो. नोंदी फार झाल्या की जुन्या आपोआप पुसल्या जातात. कोणी वाचलेल्या नसतात.

मागच्या आठवड्यात ताई खाली आल्या. या खेपेला रोगी म्हणून. थकलेल्या दिसत होत्या.

"माझा अहवाल इथेच आहे ना, दादा? घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आपले नियम चढतात ना अजून?"

"चढतात की. संगणक सुरू होताना नाव येतं ना पडद्यावर."

ते खोटं बोलले नाहीत. ताईंना हायसं वाटलं, त्या जिन्याने हळूहळू वर गेल्या. त्यांच्या अहवालाची प्रत सकाळीच बाहेर गेली होती. मी लिहून ठेवलं आहे.

तुमचेही कागद अशा कुठल्यातरी तळघरात असतील. तिथे गेलात तर नियम चढवलेत का, असं विचारू नका. ते अडवतात का, तेवढं विचारा.