मुक्यानं जायचं नाही

पौषातल्या गारठ्यात खदानीच्या पाण्याला बोट लावलं तरी कळ निघत होती, आणि जिजाबाईचा देवराव त्यात बुडी मारायला निघाला होता. कामठीच्या फौजेत तो हेच शिकत होता. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. नुसता हात हलवून तो वळला, तशी त्याला बघायला आलेली, काठावर शेकोटी पेटवणारी त्याची आई जिजाबाई भडकली.

"थे नळी काढ गा पयले! असं मुक्यानं जाते काय कोनी? 'येतो' म्हन!"

त्याला बुडी शिकवणारा पंजाबी सुभेदार खो-खो हसला. देवरावनं निमूट नळी काढली.

"येतो वं माय."

बुडबुडे उठत होते तोवर तिनं शेकोटी विझू दिली नाही. देवराव निळ्या ओठांनी, पण हसतच वर आला.

मग सुभेदाराची पाळी आली. पाण्यापाशी तो थबकला, नळी काढली आणि जिजाबाईकडे वळून म्हणाला, "येतो, माय."